जुन्या स्पोर्ट्स कारला कार्बनचा शाफ्ट बसवावा का?

प्रश्न : आजोबांनी घेतलेली १९६९ सालची एमजीबी आमच्याकडे अजून आहे. दोन आसनांची, उघड्या टपाची. आम्ही वर्सोव्यात सात बंगल्याजवळ राहतो. गाडी इमारतीच्या आवारात ताडपत्रीखाली असते आणि महिन्यातून एकदोनदा पहाटे बाहेर निघते. ताशी ७५ किलोमीटरच्या आसपास वेग गेला की पायाखालचा पत्रा घुमू लागतो आणि सगळी गाडी बारीक थरथरते. मिस्त्री म्हणतात, प्रोपेलर शाफ्ट गेला. माझ्या मुलाचे म्हणणे असे की बदलायचाच आहे तर हलका कार्बन फायबरचा बसवू, गाडी पळेलही जास्त. हे खरे आहे का? आमच्याकडच्या खाऱ्या हवेत तो टिकेल का? आरटीओची काही अडचण येईल का?
– एक वाचक, वर्सोवा, अंधेरी (पश्चिम)

उत्तर : निर्णय आधी सांगतो, कारणे मागून. कार्बनचा शाफ्ट तुमच्या गाडीला बसवता येईल. पण तो ज्या अडचणीसाठी जन्माला आला ती अडचण तुमच्या गाडीत नाही, आणि तुमच्या गाडीत जी अडचण आहे ती केवळ कार्बन बसवल्याने जाईलच असे नाही. मुलाचा उत्साह मात्र मोलाचा आहे. तो योग्य जागी लावला तर आजोबांची गाडी आणखी बरीच वर्षे रस्त्यावर राहील.

शाफ्टचे काम काय?

एमजीबीचे इंजिन पुढे आणि ओढणारी चाके मागे. गिअरबॉक्समधून बाहेर पडणारे फिरते बळ मागच्या डिफरन्शियलपर्यंत पोहोचवणारी पोकळ नळी म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. कुर्ल्यात बनणाऱ्या पद्मिनीलाही असाच शाफ्ट होता, त्यामुळे पद्मिनीच्या टॅक्सींवर हात बसलेल्या कोणत्याही मिस्त्रीला तो नवा नाही. याउलट, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आलेली आपल्या गोव्याची दोन आसनी सॅन स्टॉर्म पुढच्या चाकांवर चालणारी होती. तिला हा लांब शाफ्टच नव्हता.

काम सोपे वाटते, पण त्यात एक मेख आहे. गिअरबॉक्स जागेवर असतो आणि मागचा ॲक्सल पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) वरखाली होतो. म्हणजे शाफ्टला फिरता फिरताच आपला कोन आणि आपली लांबी बदलावी लागते. लांबीसाठी एका टोकाला दातेरी सरकता जोड असतो. कोनासाठी दोन्ही टोकांना क्रॉस, म्हणजे कोनात फिरू देणारे जोड, असतात. या जोडाला युरोपात सोळाव्या शतकातील इटालियन गणिती कार्दानो आणि सतराव्या शतकातील इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांची नावे आहेत. मोटारीसाठी त्याचे पेटंट १९०३ साली अमेरिकेत क्लॅरेन्स स्पायसर यांनी घेतले. त्यांचीच कंपनी पुढे डाना झाली.

क्रॉसचा एक स्वभाव लक्षात ठेवा, कारण तुमच्या थरथरीचे मूळ तिथे असू शकते. कोनात फिरणारा क्रॉस पलीकडच्या बाजूला एकसारखा वेग देत नाही. प्रत्येक फेरीत दोनदा वेग किंचित वाढतो आणि दोनदा किंचित घटतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तितक्याच कोनात असेल तर तो हे चढउतार पुसून टाकतो. इंजिनाखालची रबरे बसली, मागचे पाटे सपाट झाले, की दोन्ही कोन सारखे राहत नाहीत आणि उरलेला चढउतार गाडीच्या पत्र्यातून ऐकू येतो.

मग कार्बन आला कशासाठी?

लांब नळी वेगाने फिरली की एका ठरावीक वेगाला ती मधोमध कमानीसारखी वाकू लागते. नळी कितीही सरळ असली तरी हे टळत नाही. या वेगाला क्रांतिक वेग म्हणतात आणि शाफ्टने त्याच्या जवळपासही जाता कामा नये. हा वेग लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. लांबी दुप्पट केली की क्रांतिक वेग चौथाईवर येतो. म्हणून लांब गाड्यांमध्ये पोलादी शाफ्ट दोन तुकड्यांत करतात आणि मध्ये सेंटर बेअरिंगचा टेकू देतात. टेकू आला की वजन वाढते, आणखी एक जोड वाढतो आणि झिजणारे आणखी एक रबर वाढते.

क्रांतिक वेग वाढवायचा तर नळीचा पदार्थ ताठही हवा आणि हलकाही हवा. पोलादाची घनता पाण्याच्या पावणेआठ पट आहे, तर कार्बन फायबर आणि इपॉक्सी यांच्या मिश्र पदार्थाची सुमारे १.६ पट. धागे नळीच्या लांबीच्या दिशेने झुकते ठेवले तर तो चांगला ताठही होतो. मी ठरावीक आकडे घेऊन गणित मांडले. सुमारे १.४ मीटर लांब आणि ७० मिलिमीटर व्यासाच्या पोलादी नळीचा क्रांतिक वेग मिनिटाला ६ हजार फेऱ्यांच्या आतबाहेर येतो. तेवढ्याच मापाची कार्बनची नळी दीडपट वेगापर्यंत जाऊ शकते. म्हणजे दोन तुकड्यांचे काम एका तुकड्यात होते आणि मधला टेकू जातो. कार्बनचा खरा फायदा हा आहे.

मोटारींच्या इतिहासातही हेच दिसते. मिश्र पदार्थाचा शाफ्ट मोटारीत प्रथम आला तो १९८५ साली फोर्डच्या इकोनोलाइन व्हॅनमध्ये, आणि तो डानाच्या स्पायसर विभागाने घडवला होता. ती लांबलचक व्हॅन होती, वेगाने पळायची गाडी नव्हती. पुढे निस्सान ३५०झेड, माझदा आरएक्स-८ अशा गाड्यांत तो आला. २०१४ साली बीएमडब्ल्यूने एम३ आणि एम४ या गाड्यांना एकसंध कार्बन शाफ्ट दिला आणि आधीच्यापेक्षा सुमारे ४० टक्के वजन वाचवले. तीन वर्षांनी त्याच कंपनीने तो काढून पुन्हा पोलादी शाफ्ट बसवला. एक्झॉस्टमध्ये कणगाळणी बसवायची होती आणि जाडजूड कार्बनच्या नळीमुळे खाली जागा उरत नव्हती. जागेचा हा मुद्दा पुढे तुमच्याही कामी येणार आहे.

आमच्या गाडीत तो किती उपयोगी?

एमजीबी आखूड गाडी आहे. तिचा शाफ्ट एकाच तुकड्याचा, एक मीटरहूनही कमी लांबीचा आणि साधारण दोन इंच व्यासाचा. पूर्ण एक मीटर लांबी धरली तरी अशा पोलादी नळीचा क्रांतिक वेग कागदावर ८ हजार फेऱ्यांच्या वर निघतो. प्रत्यक्षात जोडांमुळे तो थोडा उतरतो, तरी बरीच मोकळीक उरते. चौथ्या गिअरमध्ये तुमचा शाफ्ट इंजिनाच्याच वेगाने फिरतो. ताशी १०० किलोमीटरला, म्हणजे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या कमाल मर्यादेला, तो मिनिटाला साडेतीन हजारांच्या आसपास फेऱ्या घेतो. ७५ ला जेमतेम २,६००. क्रांतिक वेग इथून फार लांब आहे. काढून टाकायला मधला टेकूही तुमच्याकडे नाही. म्हणजे कार्बनचे मुख्य औषध लागू पडेल असा आजारच या गाडीला नाही.

गाडी जास्त पळेल का?

मुलाने हा प्रश्न मनापासून विचारला असणार, म्हणून त्याचे गणित पूर्ण मांडतो. पोलादी शाफ्ट ७ किलोचा धरू. कार्बनचा घेतला तरी टोकाचे योक (क्रॉस धरणारे दुशाखी तुकडे) आणि क्रॉस धातूचेच राहतात, त्यामुळे बचत साधारण ३ किलोची. आता फिरत्या वजनाचा हिशेब. एखादी वस्तू फिरवायला लागणारा जोर तिच्या वजनावर आणि त्रिज्येच्या वर्गावर ठरतो. शाफ्ट चाकापेक्षा सुमारे ३.९ पट वेगाने फिरतो हे खरे, पण त्याची त्रिज्या फक्त अडीच सेंटिमीटर आहे. सगळे जमेस धरले तर ७ किलोचा शाफ्ट फिरवण्याचा भार गाडीवर पाऊण किलो जादा वजन ठेवण्याइतका पडतो. कार्बनने त्यातला निम्मा वाचला तरी एकूण फायदा साडेतीन किलोच्या आसपास. निघताना टाकीत पाच लिटर पेट्रोल कमी भरले तरी गाडी तेवढीच हलकी होते. सुमारे हजार किलोच्या गाडीत हा फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे आणि तो कोणालाही जाणवणार नाही.

तुलनेसाठी फ्लायव्हील पाहा. तो गिअरबॉक्सच्या अलीकडे असतो, त्यामुळे पहिल्या गिअरमध्ये त्याचा भार गिअरच्या गुणोत्तराच्या वर्गाने वाढून चाकापर्यंत पोहोचतो. फ्लायव्हील १० किलोचा आणि त्याची सरासरी त्रिज्या १० सेंटिमीटर धरली, तर पहिल्या गिअरमध्ये तो सुमारे २०० किलो जादा वजनासारखा वागतो. शाफ्ट गिअरबॉक्सच्या पलीकडे असल्याने त्याचा भार कुठल्याही गिअरमध्ये तोच राहतो, आणि तोही किलोभराच्या आत. जुन्या शर्यतवाल्यांनी फ्लायव्हील हलका करण्यावर मेहनत घेतली आणि शाफ्टला सहसा हात लावला नाही, त्याचे कारण हे आहे. चपळपणाच हवा असेल तर क्लच काढायची वेळ येईल तेव्हा फ्लायव्हीलचा विचार करा. मात्र तो जाणत्या टर्नरकडूनच हलका करून घ्या आणि नंतर बॅलन्स करून घ्या. कसाही खरवडलेला फ्लायव्हील वेगात फुटू शकतो.

वर्सोव्याच्या हवेत कार्बन टिकेल का?

कार्बनचा धागा गंजत नाही, हे अर्धे उत्तर. उरलेले अर्धे महत्त्वाचे आहे. कार्बन विजेचा वाहक आहे आणि विद्युतरासायनिक क्रमात तो बहुतेक धातूंच्या वरचढ आहे. कार्बन आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले आणि मध्ये खारा ओलावा आला की तिथे एक छोटी बॅटरीच तयार होते आणि त्यात ॲल्युमिनियमचा बळी जातो. दर्यावर जाणाऱ्या बोटींच्या पंख्याजवळ जस्ताचे तुकडे बसवतात, ते याच प्रक्रियेचा मार पंखा आणि शाफ्टऐवजी जस्ताने खावा म्हणून. जस्त संपले की नवे लावता येते. तुमच्या शाफ्टमध्ये मात्र बळी जाणार ती नेमकी नळी आणि योक यांना चिकटवणाऱ्या सांध्याची जागा, म्हणजे सगळे बळ जिथून जाते ती जागा. एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी असलेल्या वर्सोव्यात हा धोका हलका मानू नये. चांगले उत्पादक दोघांच्या मध्ये काचतंतूचा थर देऊन ही वाट बंद करतात. पोलादी योक ॲल्युमिनियमपेक्षा बरा, पण त्यालाही हा थर हवाच.

दुसरा शत्रू उष्णता. धाग्यांना धरून ठेवणारे इपॉक्सी प्रकारानुसार साधारण १२० ते १८० अंश सेल्सिअसच्या दरम्यान मऊ पडू लागते. एमजीबीत एक्झॉस्टचा पाइप खालून मागे जातो. पळत्या गाडीत वारा त्याला थंड ठेवतो. जे. पी. रोडच्या संध्याकाळच्या गर्दीत गाडी तासभर रेंगाळली की वारा थांबतो आणि तळाखाली उष्णता कोंडते. पोलादाला याचे काही वाटत नाही. कार्बनला मध्ये उष्णतारोधक पत्रा लागतोच.

तिसरी गोष्ट आघात. उसळलेला दगड, गतिरोधकाला घासलेला तळ, चुकीच्या जागी लावलेला जॅक, पाइप पान्याची पकड, यांनी पोलादी नळीला पोचा पडतो आणि तो डोळ्यांना दिसतो. कार्बनच्या नळीत आतले थर सुटे होतात आणि वरून काहीच दिसत नाही. नाण्याने ठोकून पाहिले तर निरोगी जागेचा आवाज खणखणीत आणि सुटलेल्या जागेचा भद्द येतो. ही परीक्षा प्रत्येक सर्व्हिसिंगला करावी लागेल आणि ती करू शकणारा मिस्त्रीही जवळ असावा लागेल. कार्बनच्या बाजूने एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. तुटलाच तर हा शाफ्ट धाग्याधाग्याने फाटतो. पोलादी नळी तुटून तळावर आपटत राहते, तसे सहसा होत नाही. शर्यतीच्या गाड्यांत त्याला मान आहे तो यासाठीही.

मग थरथर कशाने जाईल?

आधी ती येते कुठून ते शोधा. खर्च जवळजवळ शून्य आहे. पहाटे मोकळ्या रस्त्यावर ताशी ७५ ला चौथ्या गिअरमध्ये क्लच दाबा आणि इंजिनाचा वेग उतरू द्या. थरथर तशीच राहिली तर इंजिन निर्दोष. आता चाके की शाफ्ट? त्या वेगाला तुमचे चाक सेकंदाला सुमारे ११ फेऱ्या घेते आणि शाफ्ट सुमारे ४३. चाकाचा दोष संथ हेलकाव्यासारखा, स्टिअरिंग किंवा सीटमध्ये जाणवतो. शाफ्टचा दोष गुंजारवासारखा, पत्र्यात जाणवतो. मोबाइलवर कंपन मोजणारी ॲप मिळतात. शेजारी बसलेल्या मुलाने फोन तळाच्या पत्र्यावर घट्ट टेकवून धरला तर ११ जवळ शिखर दिसते की ४३ जवळ, हे कळते. क्रॉसच्या कोनाचा दोष याच्या दुप्पट, म्हणजे ८६ च्या आसपास असतो. तो अनेक फोनांच्या पकडीत येत नाही, पण कानाला ऐकू येतो.

तुमच्या पत्रातल्या वर्णनावरून मला पहिला संशय क्रॉसचा येतो. महिन्यातले बहुतेक दिवस गाडी उभी असते, तीही समुद्राजवळ. क्रॉसमधल्या सुईसारख्या बारीक रोलरांवर भार एकाच जागी राहतो, ग्रीस सुकते, ओलावा शिरतो आणि रोलरांचे वण उमटतात. म्हणून कामाचा क्रम असा ठेवा :

१. शाफ्ट उतरवण्याआधी दोन्ही फ्लँजवर खुणा करा, म्हणजे तो परत त्याच जागी बसेल.

२. क्रॉस हाताने फिरवून पाहा. अडखळत असेल किंवा खेळत असेल तर दोन्ही क्रॉस बदला. ग्रीस निपल असलेलेच घ्या.

३. सरकत्या जोडाचे दाते झिजलेत का आणि दोन्ही टोकांचे योक एका रेषेत आहेत का, ते पाहा. दाते एक घर चुकवून बसवले तर नवा शाफ्टही थरथरतो.

४. इंजिन आणि गिअरबॉक्सची रबरे, मागचे पाटे आणि त्यांचे बुश तपासा.

५. शाफ्ट डायनॅमिक बॅलन्स करून घ्या. ट्रकांचे शाफ्ट दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये हे यंत्र असते. नळी वाकलेली निघाली तर त्याच मापाची नवी पोलादी नळी तिथेच वेल्ड करून मिळते.

हे सगळे पूर्ण न करता कार्बनचा शाफ्ट बसवला तर बसलेली रबरे आणि चुकलेले कोन जागच्या जागी राहतील. कार्बन कंपन थोडे जास्त शोषतो, त्यामुळे आवाज कमी झाल्यासारखा वाटेल आणि मूळ दोष आत वाढत राहील.

आरटीओचे काय?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीपुस्तकातल्या नोंदी उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये ही मर्यादा ठामपणे मांडली. शाफ्ट बदलल्याने चासी क्रमांक, इंजिन किंवा बॉडी बदलत नाही. तरीही काम करण्याआधी तुमच्याजवळच अंबिवलीला असलेल्या अंधेरी आरटीओत लेखी विचारा आणि विमा कंपनीलाही कळवा. अपघातानंतर खुलासा करत बसण्यापेक्षा हे सोपे.

तुमच्यासाठी आणखी मोठी बाब दुसरी आहे. जुलै २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या आणि मूळ रूपात जपलेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदता येते. नवीन नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आणि मुदत दहा वर्षे. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, इंधन भरणे अशा कारणांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत, ही अट आहे. शाफ्ट या यादीत नाही, पण १९६९ ची एमजीबी जितकी मूळ रूपात राहील तितकी तिची किंमत आणि तिचा मान दोन्ही वाढतील.

तरीही बसवायचाच ठरला तर?

माप गाडी चारही चाकांवर उभी असताना घ्या. जॅकवर ॲक्सल लोंबतो आणि लांबी चुकते. कार्बनची नळी जाड असते, त्यामुळे मधल्या बोगद्यात आणि हँडब्रेकच्या तारेजवळ चहूबाजूंनी मोकळी जागा राहते का, ते पाहा. उत्पादकाकडून पिळाची (टॉर्कची) क्षमता आणि क्रांतिक वेग लेखी घ्या. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचा पीळ साडेतीन पटीच्या आसपास वाढतो आणि क्लच झटक्यात सुटला तर त्याहूनही जास्त, म्हणून क्षमतेत भरपूर वाव हवा. शाफ्टभोवती पोलादी सुरक्षा कडे बसवा. आणि मूळ शाफ्ट ग्रीस लावून, कापडात गुंडाळून घरात जपा.

माझा सल्ला स्पष्ट आहे. कार्बनचे पैसे वाचवा आणि त्यातल्या थोड्या भागात क्रॉस, रबरे, बुश आणि बॅलन्सिंग एकदाच नीट करून घ्या. मिस्त्री काम करत असताना मुलाला शेजारी उभे करा, पाना हातात द्या. त्यानंतर गाडी महिन्यातून एकदोनदा न काढता दर आठवड्याला थोडी (व्हिंटेज नोंदणी केलीत तर तिच्या अटींत बसेल तेवढी) चालवा आणि पावसाळ्यानंतर क्रॉसना नवे ग्रीस भरा. समुद्राकाठी जुनी गाडी जपायचा याहून खात्रीचा उपाय नाही.